रोजचं शास्त्रवाचन, युद्धाच्या बातम्या आणि आपण करायची प्रार्थना

पहाटवाचन

रोज सकाळी त्या दिवसासाठी नेमलेली वाचनं वाचायची सवय इथे बऱ्याच जणांना आहे. ती आपण निवडत नाही, उपासनेच्या पंचांगाप्रमाणे आपल्यासमोर येतात. युद्धाच्या काळात मात्र ती फार जवळ येऊन भिडतात आणि मला नेमकं काय करावं ते सुचत नाही.

उदाहरण देते. कॅथोलिक पंचांगात सामान्य काळाच्या (म्हणजे मोठ्या सणांच्या काळाबाहेरच्या) ३३व्या आठवड्यातला गुरुवार, विषम वर्ष; या काळात पहिलं वाचन विषम आणि सम सालांना वेगळं असतं. पहिलं वाचन १ मक्काबी २:१५-२९, परक्या राजाविरुद्ध यहुद्यांनी केलेल्या बंडाच्या ग्रंथातलं. राजाचे अधिकारी मोदीन गावात येतात आणि लोकांना परक्या देवांपुढे यज्ञ करायला लावतात. मत्तथियाला सोन्यारुप्याचं आणि राजाच्या मित्रांत बसवण्याचं आमिष दाखवतात. तो सर्वांसमोर नकार देतो. तेवढ्यात त्याच्याच समाजातला एक माणूस वेदीकडे जायला निघतो. मत्तथिया धावून जातो, वेदीपाशीच त्याला ठार करतो, राजाच्या अधिकाऱ्यालाही मारतो, आणि मुलांना घेऊन डोंगरात निघून जातो.

त्याच दिवशीचं शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातलं वाचन) लूक १९:४१-४४. येशूला यरुशलेम दिसतं आणि तो रडतो. शांती कशात आहे हे तुला आज कळलं असतं तर, म्हणतो. तुझे वैरी तुला वेढतील आणि दगडावर दगड राहू देणार नाहीत, असंही सांगतो.

एकाच दिवशी, दहा मिनिटांच्या आत, एका हातात सुरा आणि दुसऱ्याच्या डोळ्यात पाणी. दोन्हींनंतर आपण देवाचे आभार मानतो.

आमच्या प्रार्थनागटात वाचनांनंतरच्या विनंत्या मी लिहिते. माझा प्रश्न साधा आहे: युद्ध चालू असताना अशा वाचनानंतर काय मागायचं? विजय? शांती? की ‘सर्व संबंधितांना सद्बुद्धी दे’ म्हणून सुटका करून घ्यायची? या तिसऱ्याची मला आता चीड येते.

---

गव्हाचा_दाणा

आमच्या मंडळीच्या बायबलमध्ये मक्काबी नाही, त्यामुळे त्या गुरुवारी आम्ही वाचलो म्हणायचं. :)

पण यहोशवा आहे, शास्ते आहे, १ शमुवेल आहे, सगळे लढायांनी भरलेले ग्रंथ. म्हणजे वाचलो नाहीच.

---

जुना_करार

पहाटताई, धागा छान काढलात. थोडी भर घालतो, कारण या जोडीत अजून एक गोष्ट दडलेली आहे.

मक्काबीचं वाचन २९व्या ओवीला संपतं. ‘नीतीने वागू पाहणारे पुष्कळ जण रानात राहायला गेले’ एवढ्यावर. पुढच्या ओव्या उपासनेत वाचल्या जात नाहीत, पण घरी जरूर वाचा. रानात गेलेल्या त्या लोकांचा माग काढत राजाचं सैन्य येतं आणि शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या पवित्र विश्रांतीच्या, दिवशी हल्ला करतं. ते लोक शब्बाथ मोडायला तयार होत नाहीत. उलट एक दगडही फेकत नाहीत, लपायच्या जागांची तोंडंही बंद करत नाहीत. आम्ही निष्कलंक मरू, म्हणतात. बायकामुलांसह सुमारे १००० माणसं मरतात, गुरंढोरंही.

मग मत्तथियाची माणसं शोक करतात आणि ठरवतात की यापुढे शब्बाथाला कुणी चालून आलं तर लढायचं, नाही तर आपल्यातला एकही उरणार नाही (२:४१).

युद्ध आणि श्रद्धा यांवरचा सगळा वाद त्या तेरा-चौदा ओव्यांत आहे. ग्रंथ दोन्ही गटांना दोष देत नाही. मेलेल्यांना मूर्ख म्हणत नाही, लढणाऱ्यांना पापी म्हणत नाही.

---

कडुलिंब

मी बाहेरचा माणूस आहे, बायबल साहित्य म्हणून वाचतो. प्रामाणिक प्रश्न: ज्या वाचनांमुळे इतका त्रास होतो ती वगळत का नाही?

---

जुना_करार

वगळतात की! आधीही वगळलं गेलं आहे.

चौथ्या शतकात बिशप उल्फिलाने गॉथ लोकांसाठी बायबल त्यांच्या भाषेत आणलं. इतिहासकार फिलोस्टॉर्गियस लिहितो की राजांचे ग्रंथ (बायबलमधला राजांचा आणि लढायांचा इतिहास) त्याने मुद्दाम गाळले. गॉथ आधीच लढाऊ, त्यांना लगामाची गरज होती, चिथावणीची नव्हे.

आपल्या काळातही आहे. १९७१मध्ये कॅथोलिक धर्मगुरूंच्या आणि धर्मभगिनींच्या रोजच्या प्रार्थनेचं पुस्तक नव्याने आलं तेव्हा स्तोत्र ५८, ८३ आणि १०९ पूर्ण वगळली, आणि इतर काहींतल्या शापाच्या ओळी गाळल्या. स्तोत्र १३७ बाबेलच्या नद्यांकाठी रडण्यापाशी सुरू होतं ते सर्वांना पाठ आहे. शत्रूची तान्ही बाळं खडकावर आपटण्यापाशी ते संपतं, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

१ शमुवेल १५ दैनिक वाचनात १६व्या ओवीपासून येतो. शौलाने आज्ञा मोडली आणि देवाने त्याला नाकारलं, एवढं ऐकू येतं. आज्ञा काय होती ते तिसऱ्या ओवीत आहे: अमालेकी लोकांचे पुरुष, स्त्रिया, मुलं, तान्ही बाळं, सगळ्यांना मारून टाक. ते आपल्या कानावर पडत नाही.

मला हे गाळणं पटत नाही. ज्याला त्या ओव्या युद्धासाठी वापरायच्या असतात त्याला त्या बरोबर सापडतात. ज्याने त्यांच्याशी झगडायला हवं, नेमकं त्याच्यापासून त्या लपतात.

---

सुईदोरा

१३७ बद्दल वेगळं मत. वाचन संध्याकाळी चर्चमध्ये होणार, समोर लहान मुलं बसलेली, आणि ती शेवटची ओळ मोठ्याने? मी नाही वाचणार. एकटीने वाचेन.

आणि ती ओळ कुणाच्या तोंडी आहे तेही बघा. शहर जळताना ज्यांनी पाहिलं त्यांच्या. त्यांच्या रागाला देवापुढे जागा मिळाली, इतकंच. घरी सुरक्षित बसून ती ओळ आपण आपली म्हणून म्हणू लागलो तर ती चोरी आहे.

---

माजी_सैनिक

बराच वेळ वाचतो आहे. लिहावंसं वाटलं.

मी आयुष्यातली उमेदीची वर्षं गणवेशात काढली. बाप्तिस्मा त्याच्या आधीचा. या विषयावर बोलताना चांगली माणसंही आमच्याबद्दल असं बोलतात, जणू आम्ही त्या खोलीत नाहीच.

लूक ३:१४ उघडा. आगमनकाळाच्या (नाताळपूर्वीच्या चार आठवड्यांच्या) तिसऱ्या रविवारी, ‘क’ वर्षी वाचतात; रविवारची वाचनं अ, ब, क अशा तीन वर्षांच्या फेऱ्यात येतात. सैनिक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो त्यांना ‘शस्त्र टाका’ म्हणत नाही. जुलमाने पैसे उकळू नका, खोटा आरोप करू नका, आपल्या पगारात समाधान माना. एवढंच. ज्याने सैनिकी नोकरी केली त्याला विचारा हे ‘एवढंच’ किती अवघड असतं. हातात बंदूक, समोर घाबरलेलं गाव, वरचे लोक दूर. तिथे कुणाचं काही न घेता परत येणं ही साधी गोष्ट नाही.

आणि कफर्णहूमचा शताधिपती (शंभर सैनिकांवरचा अधिकारी), आजारी नोकराला बरं कर म्हणून येशूकडे आलेला. परक्या सत्तेचा लष्करी अधिकारी. येशू म्हणतो, इस्राएलातही एवढा विश्वास मला आढळला नाही.

---

लिडिया

दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. तरीही मी असहमत आहे आणि ते आदराने सांगते.

योहानाने शस्त्र टाका म्हटलं नाही हे खरं. पण गेथशेमाने बागेत येशूला धरायला आले तेव्हा तो आपल्या शिष्याला, पेत्राला, तलवार म्यानात घाल म्हणाला, आणि पेत्र तर निरपराध माणसाला वाचवायला निघाला होता. स्वसंरक्षणाचं याहून शुद्ध कारण कोणतं असेल?

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांपैकी काहींनी हे शब्दशः घेतलं. इ. स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या तेबेस्सा इथे माक्सिमिलियन नावाच्या २१ वर्षांच्या तरुणाला भरतीसाठी उभं केलं. त्याचा बाप स्वतः सैन्यातला. मुलगा म्हणाला, मी सैनिक होऊ शकत नाही, मी ख्रिस्ती आहे. त्याला १२ मार्चला ठार केलं.

---

माजी_सैनिक

माक्सिमिलियनची गोष्ट माहीत आहे, लिडियाताई. तिच्यातला एक भाग तुम्ही सोडलात. अधिकारी त्याला म्हणतो, सम्राटाच्या पदरी ख्रिस्ती सैनिक आहेतच की, ते नोकरी करतात. त्यावर तो म्हणतो, त्यांच्यासाठी काय योग्य ते त्यांना ठाऊक, मी ख्रिस्ती आहे आणि वाईट करू शकत नाही. स्वतःचं मस्तक दिलं, पण त्या सैनिकांचा न्याय करायला बसला नाही.

मला तो म्हणूनच मोठा वाटतो.

---

लिडिया

हो, ते मी सोडायला नको होतं. ‘वाईट करू शकत नाही’ हा तुकडा मात्र तुमच्यासाठी राखून ठेवते. :)

---

कडुलिंब

अवांतर: तुम्हा दोघांसारखं इतर धाग्यांवर लोक भांडतील तर किती बरं होईल.

---

जुना_करार

शताधिपतीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आगमनकाळाच्या पहिल्या सोमवारी शुभवर्तमान त्याचंच असतं, मत्तय ८:५-११. ‘अ’ वर्ष सोडलं तर त्या दिवशीचं पहिलं वाचन कोणतं? यशया २:१-५. तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील, भाल्यांच्या कोयत्या करतील, यापुढे कुणी युद्ध शिकणार नाही.

म्हणजे युद्ध शिकणं संपेल हे वचन आणि युद्ध शिकलेला माणूस एकाच सकाळी समोरासमोर. आणि त्या माणसाचे शब्द तर प्रत्येक मिस्सात (कॅथोलिक उपासनेत) ख्रिस्तशरीर म्हणून दिलेली भाकर स्वीकारण्याआधी आपण सगळे म्हणतो: प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी पात्रता नाही. अख्खी मंडळी रोज एका लष्करी माणसाच्या तोंडून बोलते. तो मागतो कुणासाठी? स्वतःच्या नोकरासाठी. विजयासाठी नाही.

---

गव्हाचा_दाणा

नांगराचे फाळ म्हटलं की योएल ३:१० पण वाचा. बरोब्बर उलटं: नांगराच्या फाळांच्या तलवारी करा. संदेष्टेच एकमेकांच्या उलट बोलतात, मग आम्ही पामरांनी काय करावं?

---

जुना_करार

योएलचा तो अध्याय कॅथोलिक दैनिक वाचनात येतो, पण दोन ओव्या पुढून सुरू होतो! मात्र तिथे ते राष्ट्रांना न्यायासाठी बोलावणं आहे. या, जमेल तेवढी शस्त्रं आणा, बघू, असा सूर आहे. देवाच्या लोकांना दिलेली ती भरतीची हाक नाही.

---

तिसरा_प्रहर

चर्चा रंगली आहे, पण पहाटवाचनच्या प्रश्नाच्या मुळाशी अजून कुणी गेलं नाही असं वाटतं. आजचं वाचन आजच्या बातमीवर ठेवावं का, आणि ठेवलं तर कुणाच्या बाजूने?

याचा धोका मी जवळून पाहिला आहे. युद्ध सुरू झालं की फोनवर ओव्या फिरू लागतात. सकाळच्या वाचनात ‘अमालेक’ आला की कुणीतरी तो शब्द उचलून आजच्या एखाद्या जमातीला चिकटवतो. धिप्पाड गल्याथाला गोफणीने पाडणारा दावीद नेहमी आपण आणि गल्याथ नेहमी समोरचा. गल्याथाच्या जागी स्वतःला ठेवून ते वाचन ऐकलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

पण वाचन स्वतःवर ठेवणं चूक आहे असं म्हणवत नाही. डीट्रिख बॉनहॉफर हा जर्मन धर्मशास्त्री १९३९च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला होता. मित्रांनी धडपड करून त्याला तिथे पाठवलं होतं, म्हणजे हिटलरच्या सैन्यभरतीतून तो वाचेल. त्याचं मन लागेना. २६ जूनला त्याच्या वाचनात २ तीमथ्य ४:२१ आलं: हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर. पौलाने तीमथ्याला लिहिलेली ही साधी व्यवहाराची ओळ. ती दिवसभर त्याचा पिच्छा सोडेना. हे मलाच सांगितलं आहे असं मी धरलं तर तो शास्त्राचा गैरवापर ठरणार नाही, अशा अर्थाचं त्याने रोजनिशीत लिहिलं. जुलैमध्ये तो परतला. १ सप्टेंबरला युद्ध सुरू झालं. ९ एप्रिल १९४५ला फ्लॉसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं.

आता हे आणि फोनवर फिरणारा अमालेक शेजारी ठेवून बघा. दोघांनीही रोजचं वाचन आजवर ठेवलं. एकाने ते स्वतःवर ठेवलं आणि किंमत स्वतः मोजली. दुसरा ते दुसऱ्यावर ठेवतो आणि किंमतही दुसराच मोजतो. माझ्यापुरती कसोटी ही: या वाचनाचा मी जो अर्थ लावतो आहे, त्यात कुणाचं काही जाणार आहे?

---

सुईदोरा

प्रतिसाद फार आवडला. पण बॉनहॉफर पुढे हिटलरला मारायच्या कटाशी जोडलेल्या माणसांत होता. लिडियाताईंच्या बाजूचा त्याला धरता येणार नाही.

---

तिसरा_प्रहर

बरोबर. आणि त्याने ते ‘योग्य युद्ध’ वगैरे म्हणून धुऊन घेतलं नाही. दोष आपल्यावर येतो हे मान्य करून तो त्यात उतरला. त्याच काळात ऑस्ट्रियात फ्रान्झ येगरस्टेटर नावाचा शेतकरी हिटलरसाठी लढायला साफ नकार देत होता. बिशपनेही त्याला परावृत्त करायचा प्रयत्न केला. घरी बायको आणि लहान मुली. ९ ऑगस्ट १९४३ला त्याचा शिरच्छेद झाला. २००७मध्ये चर्चने त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. दोघं एकच बायबल वाचत होते, एकाच राजवटीविरुद्ध उभे होते आणि वेगळ्या वाटांनी गेले.

---

कडुलिंब

‘योग्य युद्ध’ हा चर्चचाच शब्द ना? मग आता त्याचं काय झालं?

---

जुना_करार

थोडक्यात: चर्चचा प्राचीन धर्मशास्त्री ऑगस्टिन याच्यापासून विचार चालू आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तीन अटी मांडल्या: योग्य सत्तेने पुकारलेलं असावं, कारण न्याय्य असावं, हेतू शुद्ध असावा. या अटी युद्धाला लगाम घालायला होत्या, पण बऱ्याचदा राजांनी त्या परवान्यासारख्या वापरल्या. १९६३च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या पत्रकात पोप तेविसावे जॉन यांनी अणुयुगात युद्ध हे न्याय मिळवण्याचं साधन मानणं बुद्धीला धरून नाही असं म्हटलं. २०२०च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’त पोप फ्रान्सिस यांनी तर लिहिलं की जुन्या निकषांवर आज योग्य युद्धाबद्दल बोलणंच फार कठीण झालं आहे. स्वसंरक्षणाचा हक्क मात्र चर्चने नाकारलेला नाही.

---

माजी_सैनिक

स्वसंरक्षणाचा तो हक्क कागदावर एक वाक्य असतो. प्रत्यक्षात तो एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांच्या हातात असतो. प्रार्थनेत त्या पोरांची आठवण ठेवा, एवढं मागतो. ‘आमचे शूर जवान’ असं नका म्हणू. ते बहुतेक वेळ भेदरलेले असतात, थकलेले असतात, आणि काही जणांच्या हातून जे झालं ते त्यांना कुणालाही सांगता येत नाही.

---

सुईदोरा

हे वाचून नाताळच्या रात्रीचं वाचन आठवलं. यशया ९. ‘आम्हासाठी बाळ जन्मला आहे’ सर्वांच्या लक्षात राहतं. त्याच्या लगेच आधीची ओळ कुणालाच आठवत नाही: रणधुमाळीत सैनिकांनी घातलेले जोडे आणि रक्तात लोळलेली वस्त्रं जळण होतील, आगीला भक्ष्य होतील.

जोडे. तलवारींचा नांगर तरी होतो. रक्ताने भिजून कडक झालेल्या कातडी जोड्याचं आणि कपड्याचं काहीच होत नाही, ते जाळावेच लागतात. संदेष्ट्याने हे पाहिलं असणार, ऐकून सुचणारी ही गोष्ट नाही. आणि बाळाच्या जन्माची बातमी त्या जळणाच्या लगेच नंतर येते.

---

लिडिया

सुईदोरा, आता या वर्षी ते वाचन माझ्याकडे आलं तर त्या ओळीवर थांबेन.

सैनिकदादा, तुमची मागणी मान्य. माझ्या प्रार्थनेत ती पोरं असतील, दोन्हीकडची.

---

पहाटवाचन

सर्वांचे आभार. दोन-तीन वेळा शांतपणे वाचलं. तिसरा_प्रहरची कसोटी घेऊन मी त्या गुरुवारकडे परत गेले.

एक गोष्ट आधी दिसली नव्हती. येशू ज्या शहरासाठी रडतो ते शत्रूचं शहर नाही, त्याचं स्वतःचं आहे. रोमला तो तिथे एक शब्दही बोलत नाही. इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती तीत याच्या सैन्याने ते शहर आणि मंदिर खरोखरच उद्ध्वस्त केलं. म्हणजे ज्यांच्यासाठी रडायचं त्यांत आधी आपली माणसं येतात, आणि ‘शांती कशात आहे ते तुला कळलं नाही’ हा ठपकाही आधी आपल्यावर येतो.

दुसरं, सम वर्षी त्याच गुरुवारी त्याच शुभवर्तमानाबरोबर प्रकटीकरण ५ वाचतात, बायबलच्या शेवटच्या ग्रंथातला दृष्टान्त. तिथे दृष्टान्त पाहणारा योहान रडतो, कारण देवाच्या हातातली गुंडाळी उघडायला कुणीच योग्य सापडत नाही. त्याला सांगतात, रडू नको, यहूदाचा सिंह विजयी झाला आहे. तो वळून बघतो तर सिंह नाही, वधलेला कोकरा, म्हणजे येशू, उभा आहे. ‘विजय’ मागायचाच असेल तर तो कुणाचा हे तिथे लिहिलेलं आहे.

विनंत्यांचा मसुदा केला आहे. मोकळेपणाने सुचवा:

‘ज्यांची घरं आज पाडली गेली त्यांच्यासाठी, आणि ती पाडण्याचा हुकूम ज्यांनी दिला त्यांच्यासाठीही: प्रभू, त्यांना थांबव.

लढायला पाठवलेल्या दोन्हीकडच्या तरुणांसाठी: त्यांचे प्राण राख, आणि जे करू नये ते त्यांच्या हातून होऊ देऊ नकोस.

लढायला नकार दिल्यामुळे तुरुंगात असलेल्यांसाठी: त्यांना एकटं सोडू नकोस.

आमच्यासाठी: तुझं वचन दुसऱ्यांवर उगारण्याआधी ते आम्हाला ऐकू दे.’

---

गव्हाचा_दाणा

‘प्रभू, त्यांना थांबव’ फार आवडलं. सद्बुद्धीपेक्षा सरळ आहे. युद्धकैदी राहिले, ते घाला. आणि ज्यांचे मृतदेह अजून घरी पोचलेले नाहीत ते.

---

पहाटवाचन

घालते. दोन्ही.

---

लिडिया

एक राहिलंच. ज्या दिवशी दावीद-गल्याथ वाचतात (सामान्य काळाच्या दुसऱ्या आठवड्याचा बुधवार, सम वर्ष) त्या दिवशी प्रतिसादाचं स्तोत्र १४४ असतं: ‘माझा खडक धन्य, तो माझ्या हातांना युद्ध शिकवतो.’ यशया म्हणतो युद्ध कुणी शिकणार नाही, आणि इथे देवच शिकवतो. ही ओळ युद्ध चालू असताना माझ्या तोंडून निघत नाही. तुम्ही म्हणता का?

---

माजी_सैनिक

मी म्हणतो. माझ्या हातांना युद्ध कुणी शिकवलं ते मला माहीत आहे, ते स्तोत्रातल्या खडकाने शिकवलं नाही. म्हणून ती ओळ म्हणताना मी हात त्याच्याकडे परत देतो. आणि त्याच दिवशीचं शुभवर्तमान मार्क ३ आहे, वाळलेल्या हाताच्या माणसाचं. येशू विचारतो, जीव वाचवणं योग्य की जिवे मारणं? सभास्थानातले सगळे गप्प बसतात. तुम्हाला स्तोत्र म्हणवत नसेल तर म्हणू नका, ताई, पण त्या प्रश्नाला तरी मोठ्याने उत्तर द्या.

---

लिडिया

देईन.